मार्चअखेर

रात्री साडेअकराला अंबडच्या गेटमधून
शेवटचा ट्रक सुटला.
चौदा पॅनेल. सात गिऱ्हाइकाने मागितलेली,
सात आम्ही आपणहून पाठवलेली.
निसारभाईंना सांगून ठेवलंय,
विल्होळीच्या पुढे ढाब्यामागे लावा
आणि पाच एप्रिलपर्यंत हलू नका.
जेवणाचं बिल मी वाहतूक खर्चात घालीन.

गेटबाहेर पडलं की विकलं.
विकलं की नफा.
नफा म्हणजे बँकेच्या करारातली एक रेघ,
तिच्या खाली गेलो तर कॅश क्रेडिट आवळतात.
वर राहिलो, तर धात्रक साहेब
सगळ्या अकाउंट्सला मिसळ खाऊ घालतात
आणि पापड जास्तीचे मागवतात.

आमच्या मोठ्या प्रेसचा घसारा
कंपनी कायद्याने हळू चालतो, आयकराच्या तक्त्यात पळत सुटतो.
एकच मशीन.
बँकेला दाखवताना अजून तरणंताठं,
कर भरताना म्हातारं, खोकणारं.
हे तर रीतसर आहे, याला कोणी हसत नाही.

हसू येतं ते सिल्वासाला.
पेठचा घाट उतरून एकदा गेले होते आमची शाखा बघायला.
पाटी होती. पंखा होता.
पंख्याखाली एक माणूस वही उशाला घेऊन झोपला होता.
आमचा निम्मा नफा त्या खोलीत जन्मतो.
तिला उठवावंसं वाटलं नाही, त्या वहीला.

क्षेमकल्याणी एकोणीस वर्षं ऑडिटला येतात,
बिनसाखरेचा चहा, दोन मारी.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात,
"बसतंय हो कायद्यात."
आपोआप नाही बसत, काका.
मी बसते रात्री, तेव्हा ते बसतं.

परवा कॉलेज रोडवरून एक मुलगी आली प्रश्नावली घेऊन,
कोणते घटक कारणीभूत ठरतात, एक ते पाचमध्ये खूण करा.
कंपनीचा आकार. कर्जाचं प्रमाण.
संचालक मंडळाची स्वतंत्रता.
(आमचं मंडळ रविवारी एकाच ताटातलं लोणचं खातं.)
मी मन लावून खुणा केल्या.
साहेबांच्या पुष्करची सोयरीक
उलाढालीच्या आकड्यावर अडलीय,
त्याला चौकट नव्हती.
माझ्या पगारवाढीलाही नव्हती.
आणि साहेबांनी एकदा हळूच विचारलं होतं,
"जमेल ना, शालाकाताई?"
त्या 'ना'ला तर कुठलाच आकडा लागू पडेना.

वडील रामकुंडावर नामावळी लिहायचे.
लाल कापडातलं बाड, बोरूची शाई,
गाव, कूळ, कोण कधी गेलं.
तिथे पुढच्या वर्षावर ढकलायची सोय नाही,
मेलेला माणूस तरतुदीत धरता येत नाही,
असं मी मैत्रिणींना वर्षानुवर्षं ऐटीत सांगत आले.
पण एक दुपार आठवते.
येवल्याकडचा कुणी यजमान, भरजरी उपरणं,
म्हणाला, धाकट्या भावाचं नाव नको.
जमिनीचं काहीतरी होतं.
वडिलांनी बोरू बुडवला,
थोरल्याचं लिहिलं, पुतण्यांचं लिहिलं,
एक ओळ कोरी सोडली.
दक्षिणा नेहमीचीच घेतली, जास्त नाही.
शाई वाळेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

त्या कोऱ्या ओळीत मी आज
चौतीस वर्षं नोकरी करतेय, असं कधीकधी वाटतं.
कधीकधी वाटत नाही, भूक लागते,
डबा उघडते, शेंगदाण्याची चटणी असते.

बारा वाजून सहा मिनिटं.
संगणकाने तारीख बदलली, मी अजून नाही.
फोन वाजतो. निसारभाई.
मागे इंजिनाची घरघर, कुणाचा तरी दरडावणीचा आवाज.
"मॅडम, नाक्यावर अडवलंय,
साहेब विचारतायत माल कुठे चाललाय.
काय सांगू?"

मी बिलाची प्रत पुढे ओढते.
पत्ता छापलेला आहे, पिनकोडसकट.
वाचून दाखवायचा फक्त.